९१,००० किलोमीटर चाललेली ऑटोमॅटिक आणि गिअरबॉक्सचं ऑइल

गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर बाबांना क्लचची गाडी बंद, असं घरात ठरलं आणि मी सेकंड हँड ऑटोमॅटिक शोधायला लागले. बाबा गाडी नेणार कुठे, तर कर्वेनगरहून मंडईत आणि अधूनमधून भोरला. त्यासाठी नव्या गाडीचा हप्ता अंगावर घेण्यात अर्थ नव्हता. बरीच शोधाशोध केल्यावर ठाण्यातल्या एका निवृत्त काकांकडे २०१२ची होंडा सिटी मिळाली. पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक, पहिलाच मालक, ९१,००० किलोमीटर. पत्रा साफ, टायर बरे, एसी गारेगार. या गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्यामुळे त्यांची मला फारशी काळजी नव्हती. गिअरबॉक्स दिसत नाही, आणि ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जातो. एवढ्या जुन्या गाडीत तेवढे पैसे घालणं कुणालाच परवडत नाही.

काकांना विचारलं, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंय? ते म्हणाले, "ते बदलायचं नसतंच ना? सर्व्हिसला टाकायची, बिल भरायचं, गाडी आणायची." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बहुतेक लोक गाडी अशीच सांभाळतात.

मग सल्ले गोळा झाले. पुण्यातला आमचा नेहमीचा मिस्त्री म्हणाला, "ताई, चालतंय ना? मग हात लावू नका. जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स जातो, मी डोळ्यांनी बघितलंय." व्यवहार जुळवून देणारा एजंट म्हणाला की ऑइल लाइफटाइम असतं. एका वर्कशॉपच्या सर्व्हिस ॲडव्हायजरने गाडी न बघताच फोनवर सांगितलं, "मॅडम, मशीन लावून फुल फ्लश करून टाकू." तिघंही बोलत होते ठामपणे, आणि तिघांपैकी एकानेही किलोमीटरच्या पलीकडे काही विचारलं नव्हतं.

त्यातला लाइफटाइमचा मुद्दा लवकर निकालात निघाला. कंपनी लाइफटाइम म्हणते तेव्हा कुणाचं आयुष्य मोजते, हे ती सांगत नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी कितीतरी महागड्या गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते. त्यांतल्या अनेक गाड्यांचे उत्पादक ऑइल बदलायची गरज नाही म्हणतात, आणि झेडएफ स्वतः मात्र ते फार तर ८ वर्षांनी बदला असं सांगते. शिवाय आपल्याकडचा वापर कसला, तर घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला तासभर सरकत राहणं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऑइलच इंजिनाची ताकद पुढे देतं, आणि गाडी चालू-बंद, चालू-बंद होत राहिली की ते घुसळून तापतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की ऑइल साधारण दुप्पट वेगाने जुनं होतं, असा ढोबळ नियम आहे. मॅन्युअलमध्ये अवघड वापरासाठी वेगळा तक्ता असतो, त्यात बघायचं. ठाण्याची गाडी त्याच तक्त्यातली.

पण त्याआधी एक गोष्ट नक्की करायची होती, ती म्हणजे हा गिअरबॉक्स कुठल्या जातीचा. सिटी हे नाव एकच असलं तरी आत काय आहे ते पिढीगणिक बदललंय. २००३च्या सिटीत सीव्हीटी होता, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुल्या. २००८च्या शेवटी आलेल्या पिढीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक आला. २०१४ला पुन्हा सीव्हीटी. म्हणजे अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही पिढ्यांना सीव्हीटीचं वेगळं ऑइल लागतं आणि मधल्या पिढीला एटीएफ, म्हणजे साध्या ऑटोमॅटिकचं ऑइल, होंडाच्या भाषेत डीडब्ल्यू-१. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुल्यांमध्ये दाबून धरलेला असतो, आणि तो घसरू नये अशा बेताने त्याचं ऑइल बनवलेलं असतं. तिथे साधं एटीएफ ओतलं तर पट्ट्याची आणि पुलीची वाट लागते. उलट चूकही तितकीच वाईट. गॅरेजमध्ये "सिटी ऑटोमॅटिकचं ऑइल द्या" एवढंच सांगून काउंटरवरून काय येईल, याचा भरवसा नाही.

आमच्या भाच्याकडे सेलेरिओ आहे, त्याने मध्येच विचारलं, मग माझंही ऑइल बदलू का, गाडी झटके देते. त्याचा एएमटी. म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्याचे झटके एटीएफने जायचा प्रश्नच नाही, कारण त्यात एटीएफ नाही. त्याला क्लच बघायला पाठवला.

काकांनी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा सगळा इतिहास छापून आणून दिला. चासी नंबरवर सगळ्या जॉब कार्डांची यादी निघते, मालकाने मागितली तर देतात. सात-आठ पानं होती. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एसी फिल्टर, ब्रेक पॅड, पुन्हा इंजिन ऑइल. ५८,००० किलोमीटरच्या आसपास एका ओळीत एटीएफ दिसलं आणि मी थांबले. प्रमाण एक लिटर. एक लिटर म्हणजे बदललेलं नाही, वरून भरलेलं. आणि एटीएफ इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालं असेल तर ते कुठून तरी गळलंय. तिथेच दोन ओळी खाली उत्तर होतं: ड्राइव्हशाफ्ट ऑइल सील, डावं. सील गेलं, थोडं ऑइल गेलं, सील बदललं, गेलं तेवढं भरलं. हिशेब जुळला. त्या ओळीतून आणखी एक गोष्ट मिळाली, ऑइलच्या नावापुढे डीडब्ल्यू-१ छापलेलं होतं. म्हणजे निदान त्या दिवशी तरी योग्य ऑइल गेलं होतं. ड्रेन करून पूर्ण बदलल्याची नोंद मात्र अख्ख्या इतिहासात नव्हती.

म्हणजे कागदावरून ऑइल बदलायला झालंय हे ठरलं. पण मिस्त्री जे म्हणाला होता ते मला झटकून टाकायचं नव्हतं. वीस वर्षं हात काळे करणारा माणूस म्हणतो की मी डोळ्यांनी बघितलंय, तर त्याने काहीतरी बघितलेलंच असतं. मी त्याला उलट विचारलं, की त्या गाड्या ऑइल बदलायला आल्या होत्या त्या का आल्या होत्या? थोडा विचार करून म्हणाला, "एक पिकअप घेत नव्हती. दुसरी गरम झाली की गिअर सोडायची." म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा आधीच घासून संपत आल्या होत्या. अशा गाडीला नवं ऑइल घातलं तरी ती थोड्या दिवसांत बसणारच, आणि बसली की नाव ऑइलचं होतं. झिजलेल्या प्लेटांची भुकटी जुन्या ऑइलात तरंगत असते, तिच्यामुळे घसरणाऱ्या प्लेटांना थोडी पकड मिळते आणि ती काढून घेतली की उरलंसुरलं संपतं, असंही काही जण सांगतात. ते असो. मला त्यातून ठरवायचं होतं ते वेगळंच. ही गाडी आत्ता घसरते का? घसरत असेल तर तिला ऑइल घालून बरं करायच्या फंदात न पडता काकांना नमस्कार करून परत यायचं. घसरत नसेल तर ऑइल बदलून ती सांभाळायची.

त्यासाठी काकांना एकच विनंती केली होती, मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. गरम गाडी बरंच काही लपवते. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेटवर हात ठेवून बघितला, गार होता. चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागून गेले, डीचा दिवा लुकलुकला नाही. होंडात गिअरबॉक्सचा काही दोष नोंदला गेला की तो डी लुकलुकतो. भावाने दिलेला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावला, त्यातही काही नव्हतं. विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसून टाकणारेही असतात. त्यांच्या गाडीत कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या अर्धवट राहिलेल्या स्कॅनरवर दिसतात. इथे त्या पूर्ण होत्या.

ब्रेकवर पाय ठेवून पीमधून डी. अर्धा-पाऊण सेकंदात गाडीने पकड घेतली. दोन-तीन सेकंद वाट बघावी लागली असती तर आत दाब बनायला वेळ लागतोय असं समजायचं. मग आर. पकड लगेच आली, पण तिच्याबरोबर खालून एक जोरदार ठोका आला. पुन्हा एन, पुन्हा आर, पुन्हा ठोका. काका म्हणाले, "हा तर दोन वर्षांपासून आहे. ऑटोमॅटिकला असतोच." एजंट तत्परतेने म्हणाला, "बघा, ऑइल बदललं की जाईल." सकाळपर्यंत त्याच्या मते ते ऑइल लाइफटाइम होतं.

ठोक्याचा विचार बाजूला ठेवून गाडी रस्त्यावर काढली. आधी हलक्या पायाने, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत. गिअर बदलताना इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा खाली यायला हवा. बदलण्याच्या क्षणी तो उगाच वर उडाला तर क्लच घसरतोय. काटा प्रत्येक वेळी नीट उतरत होता. गायमुखच्या चढावर जरा जास्त पाय दिला, गाडीने खालचा गिअर घेतला, आवाज वाढला आणि त्या प्रमाणात वेगही वाढला. आवाज वाढून वेग तिथेच राहिला असता तर मी तिथूनच गाडी वळवली असती.

सगळ्यात जास्त वेळ मी एका विशिष्ट वेगावर घालवला, ६० ते ८०च्या मध्ये, स्थिर पाय ठेवून. या वेगात टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला, इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडणारा लॉक-अप क्लच धरतो, आणि ऑइल थकलं की इथेच गाडी थरथरते, रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी, दोन-चार सेकंद. स्पार्क प्लगमुळे मिसिंग होत असेल तरी साधारण असंच जाणवतं, आणि पुष्कळ लोक उगाच प्लग बदलून बसतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. थरथर चालू असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल अगदी हलकं, दिवा लागेल एवढंच दाबायचं. लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष कन्व्हर्टरकडचा, चालू राहिली तर इंजिनाकडे बघायचं. मागून कुणी चिकटून येत नसेल तेव्हाच करायचं हे. या गाडीत एकदाच, चढ संपताना, पुसटशी थरथर आल्यासारखं वाटलं. ब्रेक दाबेपर्यंत ती गेली. पुन्हा प्रयत्न करूनही आली नाही. ही एक गोष्ट मनात नोंदवून ठेवली.

परत आल्यावर डिपस्टिक. गाडी सपाट जागेवर, रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन गरम, मग बंद, आणि साठ सेकंदांनी डिपस्टिक काढायची. नव्वद सेकंदांच्या आत. होंडाची पद्धत ही आहे. टोयोटासारख्या कितीतरी ऑटोमॅटिकमध्ये हेच इंजिन चालू ठेवून बघतात, आणि ती सवय लागलेला माणूस होंडातही तसंच बघतो. मग पातळी कमी दिसते, वरून ऑइल ओतलं जातं, आणि जास्त झालेल्या ऑइलाचा फेस होतो. पातळी दोन खुणांच्या मध्ये होती. काडी पांढऱ्या टिश्यूवर टेकवली. थेंब पसरला, मधे गडद, कडेला तांबूस, एकंदर कोऱ्या चहाचा रंग. बोटांच्या चिमटीत चोळून बघितलं, कचकच नाही. उजेडात धरून बघितलं, चमचम नाही. वास घेतला. जळकट वास एकदा घेतला की विसरत नाही, तो नव्हता. रंग दुधाळही नव्हता. ज्या गाड्यांत ऑइल कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो तिथे कूलर फुटून कूलंट ऑइलात मिसळलं की रंग दुधाळ होतो, आणि मग गाडी घ्यायचा विचारच सोडायचा.

नुसत्या रंगावर मी फार विसंबत नाही. नव्या एटीएफचा लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, गळती ओळखता यावी म्हणून. तो वापरात फिका पडून तपकिरी होणं साहजिक आहे. पण १२ वर्षांची गाडी, ऑइल बदलल्याची नोंद नाही, गडद रंग, जळका वास नाही, गाडी घसरत नाही, पुसटशी थरथर एकदा, हे सगळं एका ओळीत मांडलं तर उत्तर एकच येतं. बदलायचं, आणि लवकर बदलायचं.

राहिला ठोका. बॉनेट उघडं ठेवून मी गाडीच्या बाजूला उभी राहिले (समोर नाही, कधीच नाही). काकांना हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून डी आणि आर करायला सांगितलं. आर पडला की अख्खं इंजिन एका बाजूने उचललं जाऊन परत आपटत होतं. टॉर्चने बघितलं तर इंजिन धरून ठेवणाऱ्या वरच्या माउंटिंगच्या रबराला करंगळी जाईल एवढी चीर. सिग्नलला डीमध्ये थांबल्यावर स्टिअरिंग थरथरत होतं त्याचंही कारण तेच. दोन वर्षं काका ज्याला ऑटोमॅटिकचा स्वभाव समजत होते ते फाटलेलं रबर होतं. एजंटच्या सल्ल्याने तेवढ्यासाठी ऑइल बदललं असतं तर ठोका तसाच राहिला असता आणि पुढच्या पायरीवर कुणीतरी गिअरबॉक्स उघडायला सांगितलं असतं.

काकांना हे सगळं दाखवलं, छापील इतिहासात एटीएफ पूर्ण बदलल्याची ओळ नाही हेही. किमतीतून पंधरा हजार कमी केले. सज्जन माणूस, फार ताणलं नाही.

पुण्यात आणल्यावर आधी माउंटिंग बदललं, ऑइलला हात न लावता. दोन्ही एकदम केलं असतं तर कशाने काय गेलं ते कळलं नसतं. ठोका गेला.

मग ऑइल. फ्लश मी करू दिला नाही. मशीनने सगळं जुनं ऑइल एकदम काढता येतं हे खरं, पण १२ वर्षं न हललेला गाळही हलतो, आणि तो व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलचा दाब हवा तिकडे वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांमध्ये जाऊन बसण्याची भीती असते. या गिअरबॉक्सची ऑइल गाळायची जाळी आत आहे, खोलल्याशिवाय बाहेर येत नाही. होंडाची स्वतःची रीतही खालचा ड्रेन प्लग काढून ओघळू द्यायचं आणि नवं भरायचं, अशीच आहे. त्याने एका वेळी निम्म्याहून कमी ऑइल बदलतं, कारण बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. दर वेळी चाळीस-पंचेचाळीस टक्के बदललं असं धरलं, तर पहिल्या वेळेनंतर साधारण साठ टक्के जुनं उरतं, दुसऱ्यानंतर एक तृतीयांश, तिसऱ्यानंतर पाचवा हिस्सा. मधे गाडी चालवून ऑइल मिसळू द्यायचं. माझ्या मते इतक्या वर्षांच्या गाडीला हे हळूहळू बदलणंच चांगलं. ऑइल होंडाच्या पार्ट्स काउंटरवरून बिलासकट आणलं, सीलबंद, आणि प्लगचा नवा वायसरही.

मिस्त्री नाखुशीनेच तयार झाला. गाडी रॅम्पवर घेतली. होंडाच्या ड्रेन प्लगला वरून पाना बसत नाही, मध्ये चौकोनी खड्डा असतो, त्यात रॅचेटचं तीन सुतांचं टोक थेट बसतं. प्लग सुटला, ऑइल ट्रेमध्ये पडलं. मिस्त्री ट्रे बघत होता, मला प्लग हवा होता. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी चिखल जमला होता, टोक दिसत नव्हतं इतका. तो मी बोटाने पांढऱ्या फडक्यावर घेतला आणि पसरला. मऊ, एकसारखा, कुठेही तुकडा किंवा कपची नाही. ही नेहमीची झीज. टोचणारे कण निघाले असते तर गोष्ट वेगळी होती. मिस्त्रीने फडकं हातात घेऊन उजेडात तिरकं करून बघितलं. "बरंय," एवढंच म्हणाला.

निघालेलं ऑइल मोजायला लावलं. अडीच लिटरच्या आतबाहेर भरलं. आधीची पातळी बरोबर होती, त्यामुळे तेवढंच नवं, लांब नरसाळ्याने, डिपस्टिकच्या भोकातून, सावकाश. प्लग साफ करून नव्या वायसरसह टॉर्क रेंचने ४९ न्यूटन-मीटरला कसला. केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, अंदाजाने जोर लावला की आटे जातात आणि ते दुरुस्त करणं ऑइलपेक्षा महाग पडतं. पंखा सुरू होईपर्यंत गरम, बंद, साठ सेकंद, डिपस्टिक. मधोमध.

भोरला दोन-तीनदा जाऊन आल्यावर दुसऱ्यांदा बदललं, तेव्हा प्लगवर जेमतेम पुट होतं आणि टिश्यूवरचा डाग बराच उजळला होता. ती पुसटशी थरथर त्यानंतर कात्रजच्या चढावरही आलेली नाही. तिसरी वेळ पुढच्या इंजिन ऑइलबरोबर करायचीय. त्यासाठीचे डबे कपाटात आहेत.

मिस्त्रीने आता स्वतःहून ऑटोमॅटिकचं ऑइल बदलायला सुरुवात केलीय. परवा मी गाडी घ्यायला गेले तर एका गिऱ्हाइकाला तो आमच्याच सिटीकडे बोट दाखवून सांगत होता, "ती बघा, आर टाकला की दणका द्यायची. ऑइल बदललं, दणका गायब." माउंटिंगचं बिल त्याच्याच सहीचं आहे.